पांढऱ्या टोपीतली बाई आणि चोवीसचाचा

गोडाउनमध्ये त्यांना सगळे ‘चोवीस’ म्हणायचे. पठाण ड्रायव्हर ‘चोबीस चाचा’ म्हणायचा, मल्याळी मॅनेजरसाहेब ‘मिस्टर ट्वेंटीफोर’ म्हणायचे, आणि मी, कागदपत्रं बघणारी गोडाउनमधली एकमेव बाई, नुसतंच ‘चाचा’ म्हणायची. नाव पडण्याचं कारण एकच होतं. आमची कंपनी शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात, नाजूक आणि महागड्या वस्तू पॅक करून इकडून तिकडे पाठवायची. थंड देशातून एखादी पेटी आली, की ती चोवीस तास उघडायची नाही, असा त्या धंद्यातला नियम. आतल्या वस्तूला इथली हवा सोसायला हवी. उन्हाळ्यात एसी गाडीतून उतरलं, की चष्म्यावर जसं धुकं धरतं, तसंच थंड पेटी एकदम उघडली तर आतल्या चित्रावर पाणी सुटतं. नियम सगळ्यांना माहीत होता. पाळणारे मात्र चाचा एकटेच.

पेटी आली की ते खडूने तिच्या पाठीवर वेळ लिहायचे. अकरा वाजून सात मिनिटं, तर अकरा वाजून सात मिनिटंच. मग दुसऱ्या दिवशी अकरा वाजून पाच मिनिटांनी साहेब स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले, तरी चाचा पेटीवर हात ठेवून उभे. “दो मिनिट बाकी है साब.” साहेब कपाळावर हात मारून घ्यायचे. पण त्यांनी चाचांना कधी हलवलं नाही, कारण चाचांच्या हाताखालून गेलेली एकही वस्तू तुटून परत आली नव्हती.

चाचा रायगडच्या किनाऱ्यावरचे. घराणं होड्या बांधणाऱ्यांचं. ऐन तारुण्यात अजमानला लाकडी गलबतं बांधायला आले. पुढे फायबरच्या होड्या आल्या, लाकूडकामाला गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा ते आमच्याकडे पेट्या बनवायला लागले. राहायचे मात्र अजमानलाच. का, तर सकाळी उठल्यावर समुद्र दिसला नाही तर त्यांना चहा गोड लागत नसे. रोज कंपनीच्या बसने शारजाला यायचे, आणि बसमध्ये कुणी खिडकीची जागा अडवली, तर दिवसभर त्याच्याशी अबोला.

उजव्या कानावर एक पेन्सिल, डाव्या कानावर दुसरी. एक मापं लिहायला आणि एक मापं खोडायला, असं मी थट्टेने म्हणायची. टेपने मोजून झालं, की ते पुन्हा वितीने मोजायचे. दोन्ही जुळलं तरच करवत हातात घ्यायची. खिळा त्यांना मुळीच चालत नसे. “खिळा म्हणजे भांडखोर माणूस,” ते म्हणायचे. “ठोकताना आतल्याला मार लागतो. स्क्रू कसा, समजूत घालत आत जातो.” पेटीपासून दहा पावलांच्या आत चहाचा कप आणायला बंदी. मी एकदा कप घेऊन गेले, तर दोन दिवस मला ‘चहावाली बाय’ म्हणत होते.

आणि ते वस्तूंशी बोलायचे. झुंबर असो, संगमरवरी घोडा असो, भुसा भरलेला बहिरी ससाणा असो, झाकण लावण्याआधी वाकून हळूच म्हणायचे, “चल, सांभाळून जा. घाबरायचं नाय.” मराठीतच. तो ससाणा लंडनला चालला होता, त्याला मराठी काय कळणार, असं मी विचारलं, तर म्हणाले, “मग काय इंग्रजीत बोलू? माझं इंग्रजी ऐकून तो रस्त्यातच उतरेल.” आम्ही शारजातच, अल नहदा भागात नव्या टॉवरच्या सातव्या मजल्यावर राहायचो. चाचा कधी शुक्रवारी सुरमई घेऊन घरी यायचे. माझी मुलगी त्यांना विचारायची, “अंकल, बट व्हाय डू यू टॉक टू बॉक्सेस?” चाचांनी मला अर्थ विचारला आणि तिला उत्तर दिलं, “पेटी उलट उत्तर देत नाय. तू देतेस.” तिला हे अपमानास्पद वाटलं आणि तिने सुरमईचा सर्वांत मोठा तुकडा स्वतःच्या ताटात ओढून घेतला.

रमझानमध्ये सगळ्या गोडाउनचे रोजे, आणि मी एकटी डबा घेऊन बसणारी. पहिल्या वर्षी, पहिल्या रोज्याला, संकोचून मी उपाशीच राहिले. दुसऱ्या दिवशी चाचांनी त्यांच्या मागच्या खोलीच्या दाराला आतून प्लायवूडची फळी लावून दिली, एक स्टूल ठेवलं आणि म्हणाले, “रोजा माझा हाय, तुझा नाय. जा, खाऊन घे. चक्कर येऊन पडलीस तर तुला पॅक कोण करणार?” त्या फळीला त्यांनी बिजागरीही बसवली होती. मला अजून आठवतं, की ती जराही करकरत नसे. माझ्या खाण्याचा आवाजसुद्धा बाहेर कुणाला लागू नये, इतकी काळजी त्यांनी घेतली होती. माझ्या सख्ख्या माणसांनीही माझी इतकी बारीक काळजी फार कमी वेळा घेतली असेल.

चाचांना साठ पूर्ण झाली आणि व्हिसा संपला. साठीनंतर नवा मिळत नसे. कंपनीने खटपट करून थोडी मुदत मिळवली. ती ईदनंतर दोन-तीन दिवसांनी संपणार होती आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळचं मुंबईचं विमान ठरलं. आणि त्याच रमझानमध्ये आमच्याकडे ते काम आलं.

एका युरोपियन दलालाला इथल्या एका हॉटेलात चार दिवस चित्रं मांडायची होती. त्यातलं एक चित्र फार मोलाचं. ज्या डच चित्रकाराची सूर्यफुलं घरोघरी कॅलेंडरवर असतात, त्याचं. पण तो रंगांच्या नादी लागायच्या आधीचं. उमेदवारीच्या दिवसांत त्याने म्हणे शेतकऱ्यांची डोकी रंगवली होती. ती बहुतेक संग्रहालयांत जाऊन बसलेली, क्वचितच एखादं बाहेर येतं. हे आलं होतं. ते परत जाईल, किंवा विकलं गेलं तर दुसरीकडे जाईल, तेव्हाची पेटी चाचांनी बनवायची होती. त्यासाठी मापांबरोबर एक रंगीत फोटो आला.

मी तो त्यांच्या टेबलावर ठेवला. नेहमी ते फोटोकडे बघत नसत, फक्त मापं बघत. या वेळी चष्मा पुसून त्यांनी फोटो हातात घेतला. काळोख, आणि त्या काळोखात पांढऱ्या टोपीतलं एका बाईचं तोंड. रुंद नाक, वर आलेली गालाची हाडं, नजर कुठेतरी बाजूला.

“ही कोण?”

“हॉलंडची शेतकरी बाई आहे, चाचा.”

“नाव?”

मी कागद चाळला. “नाव दिलेलं नाही. नुसतं ‘पांढऱ्या टोपीतली शेतकरी बाई’ असं लिहिलंय.”

“काढणाऱ्याचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात, आणि बसली तिचं नाय?” ते रागावले. मग फोटो लांब धरून बघत राहिले. “हिला कामावरून उठवून बसवलीय बाय. मान बघ कशी धरलीय. अंग इथं, मन चुलीपाशी. आमच्या घरचीचं असंच. कॅमेरा काढला की म्हणते, तव्यावर भाकर हाय, आणि पळते. तीस वर्षांत एक फोटो सरळ नाय आला.”

त्या दिवसापासून फोटो त्यांच्या टेबलासमोर टाचलेला. पेटी बनवायला त्यांनी नेहमीच्या दुप्पट दिवस घेतले. आतला फोम तीनदा बदलला. एकदा मला म्हणाले, “वीस वर्षं मी राजे पॅक केले, घोडे पॅक केले, सोन्याची घड्याळं पॅक केली. आपल्यातलं माणूस पहिल्यांदा आलंय. जायच्या आधी मला ही एकदा समोरासमोर बघायची हाय. फोटोत नाय. खरी.” मी म्हटलं, बघाल की, त्यात काय. तसं मी अगदी सहज म्हणून गेले.

आता माझी चूक सांगते. विमानांचं, कस्टम्सचं, गाड्यांचं वेळापत्रक माझं. चित्र एकोणतिसाव्या रोज्याला विमानतळावर उतरणार होतं. मी हिशेब केला: तिसावा रोजा, म्हणजे कामाचा दिवस, त्या दिवशी पेटी सोडवून घेऊ. दुसऱ्या दिवशी ईद, गोडाउन बंद. पण चाचांचे चोवीस तास भरतील, आणि साहेबांकडून किल्ली मागून घेऊ. चाचा आरामात बघतील. वेळापत्रक टाइप करून मी त्यांना दाखवलं. त्यांनी बोट ठेवलं ते ईदच्या तारखेवर.

“कागदावर चांद नको काढू बाय. एकोणतीसला पण दिसतो तो.”

“या वर्षी तीसच होणार असं सगळे म्हणतायत.”

“सगळे आभाळात बसलेत काय?”

मी हसून कागद साहेबांकडे पाठवला. रोजे एकोणतीस की तीस हे चांद दिसण्यावरच ठरतं; इथे इतकी वर्षं काढून मला हे कळायला नको होतं काय? कळत होतं. पण तीस हा आकडा मला सोयीचा होता, आणि सोयीचं ते खरं मानायची मला सवय आहे. एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. टीव्हीवर जाहीर झालं. चांद दिसला. खालून मुलांचा ओरडा ऐकू आला. नवरा म्हणाला, “अरे वा, उद्या सुट्टी.” मी सुरी खाली ठेवली आणि तशीच उभी राहिले. उद्या ईद म्हणजे कस्टम्स तीन दिवस बंद. पेटी विमानतळाच्या थंड गोदामात अडकली. सुटणार चौथ्या दिवशी, आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी चाचांचं विमान.

ईदला चाचा नवीन पांढरा झब्बा घालून आमच्याकडे सांदणं आणि शीरखुर्मा घेऊन आले. मी त्यांना पाणीही दिलं नाही, आधी सांगून टाकलं. “चाचा, माझी चूक झाली.”

“चांदाची चूक तू कशाला घेतेस?” ते म्हणाले आणि हसले. मग बोटांवर मोजू लागले. आज, उद्या, परवा, तेरवा. तेरवाच्या बोटावर थांबले, ते बोट जरा वेळ तसंच धरून बसले. त्यांचं हसू गेलं होतं. मुलीने सांदण उचललं तेव्हा कुठे भानावर आले, आणि तिला म्हणाले, “हे गरम असताना खायचं असतं.” त्यानंतर तो विषय त्यांनी काढला नाही. पण मला मनातून वाटत होतं, की एकदा, फक्त एकदा, चाचा नियम मोडतील. मोडू देत, असंही वाटत होतं. आयुष्यभर पाळला ना?

चौथ्या दिवशी सकाळी पठाण ड्रायव्हर मुद्दाम पहाटे निघून कस्टम्सच्या रांगेत पहिला उभा राहिला होता. तरी पेटी गोडाउनला यायला सव्वाबारा वाजले. चाचा प्रवासाच्या कपड्यांत आले होते, नवा सफारी, पायात चकचकीत बूट. दोन बॅगा दाराशी. चारला निघायचं होतं. त्यांनी पेटी उतरवून घेतली, तिच्या चारी बाजूंनी हात फिरवला, आणि खिशातून खडू काढून लिहिलं: बारा वाजून सोळा मिनिटं.

साहेब पुढे आले. मोठ्या मनाचा माणूस होता, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणाले, “चाचा, आज आपका लास्ट डे है. खोलो. देखो. फिर बंद करके कल वापस खोलेंगे. किसीको नहीं बोलेगा. नो प्रॉब्लम.”

“नहीं साब.”

“अरे, चार दिन से तो इधर ही है. एअरपोर्ट पे.”

“ठंडे में था साब. बाहर अभी आया. चोबीस घंटा अभी से.”

पठाण म्हणाला, “यल्ला, चलो चाचा, दो मिनिट का काम है. अल्ला माफ करेगा.” सगळे हसले. चाचाही हसले, पण त्यांचा हात पेटीवरून हलला नाही.

मला ते बघवेना. मी टेबलावरचा स्क्रू-ड्रायव्हर उचलला. “चाचा, मी उघडते. चूक माझी होती, पाप पण माझं. तुम्ही फक्त बघा.” आणि खरंच पहिल्या स्क्रूवर टेकवला. माझे डोळे भरले होते, मला स्क्रूची खाच दिसत नव्हती.

त्यांनी माझ्या हातातून तो काढून घेतला. ओढून नाही. लहान मुलाच्या हातातून सुरी घ्यावी तसा, हळूच.

“ऐक,” ते म्हणाले. “मी नवा होतो तेव्हा एक जुनी पेटी आली होती. झाकणावर फुलं रंगवलेली. त्या वेळच्या साहेबानं सांगितलं, उघड. मला माहीत होतं, उघडायची नाय. पण नवी नोकरी, मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी रंगाचे पापुद्रे उठले. हात लावला तर बोटाला आले. कुणी काय बोललं नाय मला. पण मी गप्प बसलो होतो ना, ते मला माहीत हाय.”

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर परत ठेवला.

“ही शंभराच्या वर वर्षं टिकलीय बाय. आगीतनं, लढायांतनं. आता मला बघायचं हाय म्हणून तिनं अंगावर पाणी काढून घ्यायचं? माझं काय, मी नाय बघितली तर मी मरत नाय.”

“पण तुम्हाला बघायची होती ना!” मी जवळजवळ ओरडलेच.

“होती,” ते म्हणाले. “अजून हाय. फार हाय.” आणि चष्मा काढून पुसायला लागले. तो चष्मा काही धुक्याने भरला नव्हता.

साहेब आपल्या केबिनमध्ये निघून गेले. चाचांनी स्टूल ओढलं आणि पेटीशेजारी बसले. चार वाजेपर्यंत बसले. त्यांना भेटायला लोक येत होते, गळाभेट घेत होते. ते उठायचे, भेटायचे, पुन्हा येऊन बसायचे. मधे कुणी नसताना वाकून काहीतरी बोलत होते. मी लांब होते, शब्द कळले नाहीत, आणि जवळ जाऊन ऐकावं असंही मला वाटलं नाही.

निघताना त्यांनी मला सूचना दिल्या. स्क्रू एका ओळीत काढायचे नाहीत, समोरासमोरचे कोपरे घ्यायचे. सगळे आधी नुसते सैल करायचे आणि दहा मिनिटं थांबायचं. सेंट लावून यायचं नाही. आणि साहेबांना आधी हात लावू द्यायचा नाही. “तू उघड,” म्हणाले. मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, “खुश रहा,” म्हणाले, आणि पठाणाच्या गाडीत जाऊन बसले. अर्थात खिडकीपाशी.

दुसऱ्या दिवशी बारापासून दलालाचा माणूस घड्याळ बघत उभा होता. मी त्याला बारा वाजून सोळा मिनिटं होईपर्यंत थांबवलं. तो मला वेडी समजला असणार. मग कोपरे सैल केले आणि आणखी दहा मिनिटं थांबवलं. मग झाकण काढलं, कागद बाजूला केला.

मला वाटलं होतं त्याहून ती लहान होती. एखाद्या मोठ्या पाटीएवढी. रंग जाड, मातीसारखा, ब्रशचे फराटे नुसते ओढून सोडलेले. टोपीचा पांढरा रंग पांढरा नव्हताच, धुरात राहिलेल्या कपड्यासारखा करडा होता, कुठे निळसर, कुठे पिवळट. फोटोत मला ती दमलेली वाटली होती. समोर ती दमलेली नव्हती. वैतागलेली होती. आटप रे बाबा, मला कामं आहेत, असं तिच्या सगळ्या तोंडावर लिहिलेलं होतं. चाचांनी त्या एवढ्याशा फोटोवरून हे ओळखलं होतं.

तेवढ्यात साहेबांनी केबिनमधून हाक मारली. “फोन! इंडिया से.”

मी धावत गेले. पलीकडे खरखर, एस.टी.चा हॉर्न. चाचा रात्री मुंबईला उतरून सकाळच्या गाडीने गावी पोचले होते, आणि तालुक्याच्या बूथवरून बोलत होते.

“उघडली?”

“उघडली चाचा.”

“कोपऱ्यांपासून?”

“कोपऱ्यांपासून.”

“पाणी सुटलंय काय कुठं?”

“नाही चाचा. कोरडी आहे. अगदी कोरडी. कुठेच काही नाही.”

पलीकडून काही ऐकू आलं नाही. मला वाटलं लाइन गेली. मी हॅलो हॅलो करू लागले. मग त्यांचा श्वास ऐकू आला, आणि मग आवाज, तो जरा बसलेला.

“कशी हाय?”

मी सांगायला लागले. टोपीचा रंग, नाक, डोळे, तो वैताग. मध्येच मला कळलं, की मला नीट सांगता येत नाही. मी तिच्याकडे पुरतं बघितलंच नव्हतं. पाणी सुटलंय का तेवढं शोधलं होतं आणि फोनवर आले होते. मी थांबले. त्यांनाही ते कळलं असावं.

“असू दे,” ते म्हणाले. “फोन ठेव आता, इथं मीटर पळतोय. जा, नीट बघ. माझ्या वाटचं पण बघ. घाई करू नको.”

मी परत गेले. दलालाचा माणूस कागद गोळा करत होता, साहेबांची जेवायची वेळ झाली होती. मी म्हटलं, थोडा वेळ द्या मला. साहेबांनी का म्हणून विचारलं नाही. ते त्या माणसाला चहा प्यायला बाहेर घेऊन गेले. मी चाचांचं स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसले. आधी माझ्या वाटचं बघितलं. मग त्यांच्या वाटचं बघायला घेतलं, आणि त्याला पुष्कळ वेळ लागला.